पिशवी घ्या आणि बाजारात जा

निमंत्रणपत्रिकेवर विषय छापला होता, 'ऋतूप्रमाणे आहार आणि आरोग्य'. जुन्नर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेचं हे स्नेहसंमेलन भोगीच्या आदल्या आठवड्यात झालं. प्रमुख पाहुण्या याच शाळेच्या माजी विद्यार्थिनी. बालरोगतज्ज्ञ म्हणून सरकारी रुग्णालयात आयुष्यभर नोकरी करून त्या निवृत्त झाल्या आहेत. सत्कार झाला, शाल-श्रीफळ बाजूला ठेवून त्या बोलायला उभ्या राहिल्या आणि बराच वेळ छापलेल्या विषयाकडे वळल्याच नाहीत.

१९७२ च्या दुष्काळात त्या पाचवीत होत्या. विहिरी आटलेल्या, आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडायला, रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी. तिची भाकरी पोरांच्या घशाखाली उतरत नसे. शाळेत सुकडी मिळे. पुढच्या रांगेत बसलेल्या निवृत्त गुरुजींकडे हात करून त्यांनी सांगितलं, की सुकडी हे गुरुजी स्वतः वाटायचे. कुणाच्या घरी आज चूल पेटलेली नाही, हे त्यांना न विचारता कळायचं आणि त्या पोराच्या हातावर दुसरी मूठ पडायची, तीही इतरांच्या लक्षात येणार नाही अशी. मूल काय खाऊन आलंय हे त्याच्या चेहऱ्यावर वाचायला आपण वैद्यकीय महाविद्यालयात शिकलो नाही, याच व्हरांड्यात शिकलो, असं त्या म्हणाल्या. सभागृह शांत झालं होतं.

मग शास्त्र आलं, पण थोडक्यात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. समोर दहावीच्या मुली बसल्या होत्या. दहापैकी जवळपास सहाजणी, असा हिशेब सांगून पाहुण्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि आवाज चढवला. बाजरी, हुलगा, पालेभाज्या यांत लोह आहे, पण जेवणावर लगेच चहा घेतला तर त्यातलं बरंचसं शरीराला लागत नाही. लिंबू किंवा आवळा सोबत असेल तर उलट जास्त लागतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची सूचनाही तीच आहे: जेवणाआधी आणि जेवणानंतर तासभर चहा-कॉफी नको. एवढं सांगून त्या आपल्या खऱ्या मुद्द्यावर आल्या.

मुद्दा एकच होता आणि तो त्यांनी पुन्हा पुन्हा ठासून सांगितला. घरची भाजी मुलांनी आणायची. पिशवी घ्यायची, आठवडे बाजारात जायचं, भाव विचारायचा, निवडून घ्यायचं. मुलींनी जायचं आणि मुलांनीही जायचं.

त्यामागचं त्यांचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे. कोणत्या ऋतूत काय खावं याची यादी पाठ करून ती अंगी लागत नाही. बाजारात मात्र ऋतू समोर मांडलेला असतो. ज्याचा ढीग मोठा आणि भाव उतरलेला, ते त्या दिवसांचं पीक. पौषात मेथीच्या जुड्या, पावटा, घेवडा, ओला हरभरा, गाजर, बोरं. भोगीच्या भाजीत पडतं ते सगळं त्या आठवड्यात शेतातच असतं. जोडीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी. शंभर ग्रॅम तिळात नऊशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. थंडीत भूक चांगली लागते, जड अन्न पचतं, हे आयुर्वेदाच्या ऋतुचर्येत सांगितलंच आहे, आणि जुन्नरच्या घरांत हुलग्याची शेंगोळी याच दिवसांत शिजतात. लसूण घातलेल्या पाण्याला उकळी आली की हातावर वळलेली शेंगोळी एकेक करून त्यात सोडायची. ती किती जणांना वळता येतात, असं त्यांनी विचारलं. हात वर झाले ते बहुतेक आयांचे. पाहुण्यांना ते आवडलं नाही आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

उन्हाळा त्यांनी झटपट उरकला. ताक, पन्हं, कोकम सरबत, माठातलं पाणी. बाटलीतल्या कोलावर मात्र त्या थांबल्या. तीनशे मिलिलिटरमध्ये साधारण तीस ग्रॅम साखर असते. साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एका बाटलीत दिवसाचा कोटा संपून साखर वर उरते.

पावसाळ्याबद्दल बोलताना त्यांची नजर मागच्या बाजूला उभ्या असलेल्या, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडे गेली. आदिवासी पट्ट्यातून बायका कुर्डू, भारंगी, चाई, करटुली घेऊन येतात. भारंगीची पानं कडू, ती उकडून पाणी टाकून द्यावं लागतं. हे ज्ञान मावशींकडे आहे आणि ते विचारून घेतलं नाही तर त्यांच्याबरोबरच जाईल. रानभाजी ओळखणाऱ्याकडूनच घ्यायची, अंदाजाने तोडून खायची नाही, ही ताकीदही त्यांनी दिली. पाणी उकळून प्या, रात्री वेळेवर झोपा, हे दोन वाक्यांत झालं.

शेवटी त्या मुख्याध्यापकांकडे आणि सरपंचांकडे वळल्या. फाटकाच्या आत आणि बाहेर पन्नास मीटरपर्यंत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ शाळकरी मुलांना विकायचे नाहीत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. येताना फाटकाशेजारी वेफर्सच्या पुड्यांच्या माळा दिसल्या, तिथे उद्यापासून बोरं, पेरू आणि उकडलेल्या शेंगा दिसाव्यात, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. सरपंचांनी मान डोलावली.

भाषण वेळेपेक्षा लांबलं, नाटकाची मुलं रंगवलेले चेहरे घेऊन विंगेत ताटकळली, तरी कुणी चुळबुळ केली नाही. पालकांकडे त्यांनी एक मागणं ठेवलं. या आठवड्यात मुलाच्या हाती पिशवी आणि पन्नास रुपये द्या, आणि तो जे आणेल ते, मेथी थोडी जून निघाली तरी न रागावता, त्याच संध्याकाळी त्याच्याकडूनच निवडून घेऊन शिजवा.