बराकीच्या दारावरची पाटी

अंबरनाथचे शिवमंदिर पाहायला लांबून माणसे येतात. यावेच. शके 982, म्हणजे इसवी सन 1060 चा शिलालेख तिथे आहे. पण शेजारच्या उल्हासनगरात जुने काही पाहायचे आहे म्हटले, की रिक्षावालाही हसतो.

श्रोतेहो, तिथे बराकी आहेत. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराचा कल्याण कॅम्प होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेली नव्वद हजारांवर माणसे या छावणीत आणून ठेवली गेली. 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली. बैठी, लांबलचक बराक. शिपायांची रांगेने निजायची जागा ती. तिच्यात आडोसे घालून एकेक बिऱ्हाड बसले. पुढे कुणी ओटा काढला, कुणी पोटमाळा, कुणी दारातच शिवणयंत्र मांडले. याला वास्तुकला म्हणायचे की नाही, ते पंडितांनी ठरवावे. मी म्हणतो.

अशाच एका दारावर लाकडी पाटी होती, सिंधी अक्षरांची. मी मक्तबात कुराणाची अक्षरे गिरवलेला, म्हणून थबकलो. ओट्यावरचे वृद्ध गृहस्थ म्हणाले, "साईं, वाचता येतं? माझ्या नातवंडांना येत नाही." मी लावत लावत वाचले. त्यांच्या वडिलांचे नाव, खाली गाव शिकारपूर. पण सिंधीची अक्षरे 52. एका अक्षराशी मी अडलो. ते त्यांनी श्वास आत ओढून म्हणून दाखवले. मला काही जमले नाही. दोघेही हसलो.

बराकी पाडू नका, असे सांगायला मी आलेलो नाही. बदलापूर गावातले आमचे कौलारू घर आम्ही भावांनीच बिल्डरला दिले. 26 जुलै 2005 ला उल्हास नदीचे पाणी माजघरात शिरले आणि अम्मीचा धीर सुटला. सही मीही केली आहे. सागवानी खांब किती रुपयांना गेले, तेही मला ठाऊक आहे. आणि नवे ते पक्के असतेच असेही नाही. 2021 च्या मे महिन्यात उल्हासनगरातच दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली.

ती बराकही गेली. गृहस्थ आता मुलाकडे सातव्या मजल्यावर राहतात. पाटी त्यांनी बरोबर नेली. सोसायटीत सगळ्या दारांवर एकसारख्या पाट्या लावायचा नियम आहे, म्हणून ती पलंगाखाली ठेवली आहे. मी गेलो की ते ती बाहेर काढतात, धोतराच्या सोग्याने पुसतात, आणि त्या एका अक्षराची माझी परीक्षा घेतात.