वार्धक्याला कायद्याचे कवच



वृद्धांवरील अत्याचार म्हटला की चोर-दरोडेखोर डोळ्यांपुढे येतात. परंतु पुष्कळदा हा अन्याय एका सहीने, घरच्याच माणसांच्या साक्षीने घडतो. राहते घर, दुकान बक्षीसपत्राने मुलाच्या नावे होते आणि जन्मदाते त्याच घरात पाहुणे ठरतात.

एका पित्याने कल्याण येथील आपल्या विवाहित डॉक्टर कन्येकडे पोटगी मागितली. आई-वडिलांच्या पोषणाची जबाबदारी विवाहित कन्येवरही आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये दिला. पुढे २००७ साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा स्वतंत्र कायदा झाला. धाड परिसरातील ज्येष्ठांना त्यानुसार बुलढाण्याच्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. अपत्यहीन वृद्धाला त्याच्या मालमत्तेच्या वारसाकडेही निर्वाहखर्च मागता येतो. वृद्धास टाकून देणाऱ्यास ३ महिन्यांपर्यंत कैद वा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत.

या कायद्याचे कलम २३ विशेष महत्त्वाचे आहे. सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास परत मिळू शकते. मात्र अशी अट असल्याचे सिद्ध झाले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील एका मातेला घराचा ताबा परत मिळाला, तो सांभाळाचे वचन लेखी होते म्हणूनच.

उधारीवर दिलेल्या एका ठाणाचीही नोंद वहीत करणारा व्यापारी आयुष्यभराची मिळकत मात्र विनाअट लिहून देतो! बक्षीसपत्रात दोन ओळींची अट घालणे म्हणजे मुलावर अविश्वास नव्हे. तो चोख व्यवहार होय.

कायद्यातही उणिवा आहेत. निर्वाहखर्चाची दरमहा १०,००० रुपयांची मर्यादा महागाई वाढूनही कायम आहे. ती काढून टाकणारे आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात ज्येष्ठांसाठी अधिकारी नेमणारे विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. परंतु २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित होताच ते व्यपगत झाले. त्याचा पुन्हा आग्रह धरणे हे समाजाचे कर्तव्य आहे.

वैयावृत्त्याला तप मानणाऱ्या समाजात कोणाही वृद्धावर न्यायाधिकरणाची पायरी चढण्याची वेळ येऊ नये. आलीच, तर त्याच्यासोबत चार माणसे उभी असावीत.

जय जिनेंद्र!