वेळापत्रक कुणासाठी?

मी मूळचा पुण्याचा, नोकरीमुळे गेली काही वर्षं कोलकात्यात आहे. मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा असं सॉफ्टवेअर. त्याची एक छोटी परिषद आम्ही मित्रमंडळी तिथं भरवतो. माझ्याकडे दोन कामं असतात: कार्यशाळांची तयारी आणि भाषणांचं वेळापत्रक. ऐकायला कारकुनी वाटतं ना? मलाही वाटायचं.

पुण्यात शिकताना मी सिम्बायोसिसच्या विद्यार्थ्यांनी भरवलेल्या ‘ग्नूनिफाय’ला जायचो. 2011च्या नोव्हेंबरमध्ये सीओईपीत फेडोराची ‘फडकॉन’ झाली. अशा परिषदा बघून मला वाटलं होतं की चांगले वक्ते आणले, सभागृह मिळालं, की झालं.

आमच्या पहिल्या वर्षी दुपारी तीन ते सहा कार्यशाळा ठेवली. विषय होता ‘पहिलं योगदान कसं द्यावं’. चाळीस मुलंमुली आपापले लॅपटॉप घेऊन बसली. मी म्हटलं, “चला, आधी हे डाउनलोड करा.” साडेपाच वाजले तरी बहुतेक पडद्यांवर डाउनलोडची पट्टीच सरकत होती. तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं लॅपटॉप मिटला आणि माझ्याकडे येऊन हळूच म्हणाली, “दादा, ट्रेन आहे.” ती कृष्णनगरची. सियालदाहून शंभरएक किलोमीटर, लोकलनं अडीच तासांच्या आसपास. पहाटे उठून आली होती. आमच्याकडून काय घेऊन गेली? एक अर्धवट पट्टी.

त्या रात्री मी कागदावर हिशेब मांडला. फाइल दोन जीबीची, माणसं चाळीस, म्हणजे ऐंशी जीबी. सभागृहातलं कनेक्शन पन्नास एमबीपीएसचं, तेही सगळ्यांत मिळून. सगळं सुरळीत चाललं तरी साडेतीन तास! कार्यशाळाच तीन तासांची. हा हिशेब दोन मिनिटांचा होता, आणि तो मी आधी केला नव्हता.

पुढच्या वर्षी आम्ही पद्धत बदलली. आठवडाभर आधी सूचना पाठवल्या. तरी निम्मे लोक घरून तयारी करून येणार नाहीत हे धरून चाललो. सगळ्या फाइली दहा पेनड्राइव्हवर घेतल्या आणि सभागृहातल्याच एका लॅपटॉपवरही ठेवल्या, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवर काही अवलंबून राहू नये. रंगीत तालीम केली ती माझ्या लॅपटॉपवर नाही, आमच्यातल्या सगळ्यात जुन्या, चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर. दर आठ जणांमागे एक मदतनीस ठेवला. आणि नियम केला की पहिल्या वीस मिनिटांत प्रत्येकाच्या पडद्यावर काहीतरी चाललेलं दिसलं पाहिजे.

मग वेळापत्रक. आधी आम्ही मोठी नावं सकाळी ठेवायचो आणि कार्यशाळांना उरलेली वेळ द्यायचो. ते उलटं केलं. कार्यशाळा साडेदहाला, नामवंतांचं भाषण चार वाजता. कारण सोपं आहे. विमानानं येऊन हॉटेलात उतरलेला माणूस चारलाही बोलू शकतो. कृष्णनगरच्या मुलीला चारला निघावं लागतं. याची किंमतही मोजली. एका ज्येष्ठ वक्त्यांसमोर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. हे होणार, असं त्यांना आधीच फोन करून सांगितलं होतं. ते नाराज झाले, पण आले.

तारखेचंही तसंच. दुर्गापूजेच्या दिवसांत कोलकात्यात परिषद ठेवायची नाही, हे बाहेरच्यालाही कळतं. पण सरस्वतीपूजा? जानेवारी-फेब्रुवारीत येते. त्या दिवशी तिथं पुस्तकं देवीपुढे ठेवतात, अभ्यासाला सुट्टी. कॉलेजातली पूजा मुलंच मांडतात, वर्गणीपासून प्रसादापर्यंत. आमचे निम्मे स्वयंसेवक त्यातच अडकलेले असतात. मला पुणेकराला हे पंचांगात नाही, चहाच्या टपरीवर कळलं.

वेळापत्रक लावायला आम्ही ‘प्रीटॅल्क्स’ वापरतो. तेही मुक्त सॉफ्टवेअरच. एकच वक्ता एकाच वेळी दोन सभागृहांत टाकला, तर ते लगेच इशारा देतं. फार उपयोगाचं आहे. पण सियालदाची लोकल त्याला ठाऊक नसते. ती आपल्यालाच विचारावी लागते.

ती मुलगी पुन्हा आली नाही. मी तिचं नावही विचारलं नव्हतं, त्यामुळे शोधायचं तरी कसं? पण आमच्या नोंदणीच्या फॉर्ममध्ये आता एक प्रश्न जास्त आहे: “परतीची सोयीची गाडी किती वाजता?” वक्त्यांची यादी उघडण्याआधी मी तो रकाना वाचतो. तुमच्या गावात असं काही भरवणार असाल, तर एवढा एक प्रश्न जरूर विचारा.