ज्यांच्याविषयी लिहाल, त्यांना वाचून दाखवा

आजच्या स्नातकांनो,

मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत मराठीतून तुमच्याशी बोलायला मिळतंय, याचा मला फार आनंद आहे. तुमच्यापैकी काही जण ख्रिस्ती आणि आंतरधर्मीय माध्यमांत काम करणार आहेत. कुणी रेडिओवर, कुणी मासिकात, कुणी पॉडकास्टवर. या वाटेवर आपली माणसं फार आधीपासून चालत आली आहेत.

१८४२ साली अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनने ‘ज्ञानोदय’ हे पत्र सुरू केलं. या क्षेत्रात अमेरिका आणि मराठी यांची गाठ इतकी जुनी आहे. सुरुवातीच्या ‘ज्ञानोदया’त हिंदू धर्मावर कडक टीका असे. पुढे त्याच पत्रात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची लेखणी चालली. त्यांची ख्रिस्तभक्ती अभंगांतून बोलू लागली आणि मराठी माणसाला ती आपल्याच अंगणातली वाटली.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे तर या व्यवसायाचा कित्ताच. १९८३ ते २००७ या काळात त्यांनी ‘सुवार्ता’ मासिक संपादित केलं. त्याच वेळी हरित वसई संरक्षण समितीतून वसईची हिरवाई वाचवायला ते रस्त्यावर उतरले. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, तेव्हा ‘धर्मगुरू अध्यक्ष कसा?’ म्हणून विरोध झाला. ते डगमगले नाहीत. आयुष्यभर सगळ्यांसाठी लिहिलेला माणूस सगळ्यांसमोर निर्धास्त उभा राहू शकतो.

आता इथलीच एक घटना घ्या. एप्रिल २००६ मध्ये जवळच्या मेपल ग्रोव्हला, उद्घाटन तोंडावर आलेल्या हिंदू मंदिरात शिरून मूर्ती फोडण्यात आल्या. पकडले गेले ते कोवळ्या वयाचे तरुण. मंदिराच्या मंडळींनी त्यांना क्षमा केली. तुम्ही बातमीदार असता तर? भंगलेल्या मूर्तीचा फोटो छापण्याआधी, खंडित मूर्तीची पूजा होत नाही आणि भाविकाला ते दृश्य किती लागतं, हे कुणाला विचारलं असतंत का? क्षमेची बातमी तोडफोडीच्या बातमीइतकीच ठळक दिली असतीत का? या व्यवसायाची खरी परीक्षा अशा निर्णयांत असते.

म्हणून एकच सांगतो. दुसऱ्याच्या धर्माविषयी लिहिलेलं, छापण्याआधी त्या धर्माच्या माणसाला वाचून दाखवा. मंजुरीसाठी नव्हे, चूक राहू नये म्हणून. टीका करायची असेल तर जरूर करा, पण ती त्याच्या डोळ्यांत पाहून करता आली पाहिजे. प्रार्थनेत डोळे मिटलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर कॅमेरा नेण्याआधी परवानगी घ्या. आपल्याच चर्चमधल्या, आपल्याच मंदिरातल्या चुकांबद्दल लिहायला कचरू नका. विश्वासार्हता तिथूनच कमावली जाते. संकलन, ध्वनिमुद्रण, उपशीर्षकं यांत हात तयार ठेवा. श्रद्धा कितीही खरी असली, तरी खरखरणारा आवाज कुणी ऐकत नाही.

या गावात चर्च आहेत, सोमाली मुस्लिम कुटुंबं आहेत, आपली मराठी घरं आहेत. कामाला लागाल तेव्हा पहिली मुलाखत आपल्या धर्माबाहेरच्या शेजाऱ्याची घ्या. त्याचं पूर्ण ऐका, त्याचं नाव अचूक लिहा आणि छापून आल्यावर तो अंक स्वतः त्याच्या घरी नेऊन द्या.