रोहित्राच्या पोटांतील तेल

भंडारा जिल्ह्यांतील एकोडी घ्या, किंवा धान पिकविणारें दुसरें कोणतेंहि गांव घ्या. उन्हाळी धानाला पाणी देणारे विजेचे पंप ज्याच्या जिवावर चालतात, तें रोहित्र शिवारांत दोन खांबांच्या आधारानें मुकाट्यानें उभें असतें. लोक त्याला ‘डीपी’ म्हणतात. वस्तुतः हें नांव त्या खांबांच्या जोडीचें. रोहित्र जळालें म्हणजे मात्र सर्वांना त्याची आठवण होते!

त्याची रचना साधी आहे. पोलादाचे पातळ पत्रे रचून केलेला गाभा, आणि त्यावर कागदांत लपेटलेल्या तारेचीं वेटोळीं. एका बाजूनें ११,००० व्होल्टच्या दाबानें वीज येते, दुसरीकडून ४३३ व्होल्टनें बाहेर पडते. दोन्ही तारांचा परस्परांना स्पर्शहि नसतो; गाभ्यांतील क्षणोक्षणीं पालटणारें चुंबकत्वच हें काम करतें. खोपोलीचें वीजगृह १९१५ सालीं सुरू झालें, तेव्हां तेथील वीज एक लक्ष व्होल्टपर्यंत चढवून मुंबईस धाडली गेली, तीहि याच तत्त्वावर.

परंतु तारेंतून प्रवाह वाहिला कीं उष्णता ही व्हावयाचीच. म्हणून हा सारा संसार खनिज तेलांत बुडवून ठेवलेला असतो. तापलेलें तेल हलकें होऊन वर चढतें, टांकीच्या बाहेरील नळ्यांत शिरतें, तेथें वाऱ्यानें निवतें आणि जड होऊन पुनः तळाशीं उतरतें. चुलीवरील आधणांत पाणी असेंच फिरतें. मोठ्या रोहित्रांना पंखे व पंप लागतात. खेड्यांतल्याला लागत नाहींत. शिवाय तेल वीज अडवितें, हा दुसरा लाभ.

खरी नाजूक वस्तु तो कागद. तेल गाळून पुनः वापरतां येतें, करपलेला कागद सुधारतां येत नाहीं. नेमलेल्या मर्यादेपुढें उष्णता सहा अंश सेंटिग्रेड चढली, तर त्याचें आयुष्य सुमारें निम्मे होतें. विदर्भांतील वैशाखांत हवाच पंचेचाळीस अंशांवर जाते. त्यांत पंपांचा भार वाढलेला. अशा वेळीं तेल गळालें, किंवा कोणीं चोरलें, तर वेटोळ्यांचा माथा उघडा पडतो आणि ऐन ओंब्या भरण्याच्या दिवसांत बांध्या कोरड्या राहतात.

दमटपणा हा दुसरा शत्रु. रोहित्र निवतांना बाहेरची हवा आंत ओढतें. ती कोरडी करण्यासाठीं अनेक रोहित्रांना निळ्या दाण्यांची कुपी जोडतात. दाणे गुलाबी झाले कीं ते बदलण्याची वेळ झाली.