संकटाची पहिली घटका आणि वस्तीचे पथक

(पावसाळ्यापूर्वी भरलेल्या वस्तीच्या सभेत केलेले भाषण)



पूर, आग, भूकंप अशा आपत्तींच्या वेळी वस्तीने काय करावे, याविषयी चार शब्द सांगण्याची आपण मला आज्ञा केली, याबद्दल मी आपला आभारी आहे. मी व्यवसायाने वकील आहे. लोक वकिलाकडे बहुधा नुकसान होऊन गेल्यावर येतात. आज नुकसान होण्यापूर्वी आपली भेट होत आहे, ही गोष्ट मी अधिक मोलाची मानतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. संकटाच्या पहिल्या घटकेला आपल्यापर्यंत पोहोचू शकणारा मनुष्य म्हणजे आपला शेजारी. तेव्हा त्या शेजाऱ्याला अगोदर शिकविले पाहिजे, त्याचे काम ठरवून दिले पाहिजे आणि त्याचे नाव वहीत लिहिले पाहिजे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी व आसपासच्या गावांत धरणी हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड छपरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे प्राणास मुकली. पुढे सैन्य आले, डॉक्टर आले, दूरदूरची मदत आली. परंतु ती येईपर्यंतच्या तासांत ढिगारे उपसले ते वाचलेल्या गावकऱ्यांनी, आणि तेही मिळेल त्या अवजाराने, नाहीतर उघड्या हातांनी. सरकार कितीही तत्पर असले तरी रस्ता खचतो, पूल बुडतो, तारा तुटतात. त्या मधल्या वेळात जो मरतो तो कोणाच्याच मदतीची वाट पाहू शकत नाही.

कोणी म्हणेल, संकट आले म्हणजे तरुण आपोआप धावतात, त्यासाठी पथक कशाला? बंधूंनो, धावणाऱ्यांची उणीव नसते, हे मला मान्य आहे. उणीव शिक्षणाची असते. १९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको शहरात भूकंप झाला, तेव्हा सामान्य नागरिकांनी ढिगाऱ्यांतून आठशेवर माणसे जिवंत काढली. पण त्या कामात सुमारे शंभर स्वयंसेवक स्वतः मृत्यू पावले, असे सांगितले जाते. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या अग्निशमन दलाने यापासून बोध घेतला आणि पुढच्याच वर्षी नागरिकांच्या पथकांना शिक्षण देण्यास आरंभ केला. आपल्याकडचे उदाहरण याहून जवळचे आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी कृष्णेच्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली. नावेत तिला पेलवतील त्याहून अधिक माणसे होती. वाचविण्याच्या प्रयत्नातच अनेकांचा अंत झाला. ‘एवढीच माणसे चढतील, बाकीची पुढच्या फेरीला’ असे ठामपणे सांगणारा आणि ज्याचे सर्व ऐकतील असा मनुष्य काठावर उभा असणे, हाच संघटनेचा अर्थ आहे.

संघटना काय करू शकते ते बांगलादेशाने दाखविले आहे. नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळात त्या भूमीवर तीन लाखांहून अधिक माणसे बुडाली. त्यानंतर तेथील सरकार आणि रेड क्रॉस यांनी किनाऱ्यावरील गावोगाव स्वयंसेवकांची पथके उभारली. धोक्याचे निशाण लावणे, भोंग्यावरून इशारा देणे, लोकांना आश्रयस्थानी नेणे, ही त्यांची कामे. तरीही १९९१ च्या वादळात सव्वा लाखावर बळी गेले, आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे होते. घर, मुले आणि गुरे सोडून एकट्याने निघण्याची स्त्रियांना मोकळीक नव्हती. पुढे पथकांत स्त्रियांची भरती वाढविण्यात आली. आज त्या स्वयंसेवकांत सुमारे निम्म्या स्त्रिया आहेत. पक्की आश्रयस्थाने आणि वेळेवर मिळणारी सूचना यांचीही जोड होतीच. पण २००७ च्या भीषण वादळात बळींची संख्या काही हजारांवर राहिली, यात या पथकांचा वाटा मोठा आहे. म्हणून माझ्या भगिनींना मी सांगतो की, पथकात आपण केवळ भाकरी थापण्यासाठी यावयाचे नाही. कोणत्या घरी बाळंतीण आहे, कोणती म्हातारी अंथरुणास खिळली आहे, हे पुरुषांपेक्षा आपणांस अधिक ठाऊक असते. घर सोडण्याचा निरोप आपल्या तोंडून गेला तर घरातील स्त्री निघेल.

आता प्रत्यक्ष रचना पाहू. शंभर घरांच्या वस्तीस वीस माणसे पुरेत. त्यांचे पाच गट करावेत: सूचना देणारा, सुटका करणारा, प्रथमोपचार करणारा, आश्रय व अन्नपाणी पाहणारा आणि नोंद ठेवणारा. सर्वांवर एक प्रमुख असावा. तो गावी नसेल तेव्हा कोणी आज्ञा द्यावी, तेही लिहून ठेवावे. सामान फार लागत नाही. जाड दोर, शिट्ट्या, बॅटऱ्या, पहार, टिकाव, घमेली, प्रथमोपचाराची पेटी, आणि दोन बांबू व एक घोंगडी एवढ्यातून होणारी झोळी. नदीकाठी मात्र अंगात घालण्याची जीवरक्षक जाकिटे हवीतच. पथकाचे नियम कडक असावेत. एकट्याने कोणी जाऊ नये. वाहत्या पाण्यात उतरून शौर्य दाखवू नये. वीतभर पाणीही वेगात असले तर माणसाचे पाय उखडते. वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पडलेल्या तारेजवळ फिरकू नये. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने जखम घट्ट दाबून धरावी. ११२, रुग्णवाहिकेचा १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक प्रत्येक दारावर खडूने लिहावेत. आणि वर्षातून दोनदा, एकदा दिवसा व एकदा रात्री, सर्व वस्तीने तालीम करावी.

यानंतर कायद्याची बाजू. पथक स्थापिले म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण निर्माण केले असून लोकांना शिक्षण मिळण्याची सोय करणे हे त्याचे कर्तव्य आहे. तेव्हा पथकाच्या यादीसह तहसीलदारांकडे शिक्षणाची लेखी मागणी करा आणि अर्जाची पोच घ्या. त्याच कायद्याचे ६१ वे कलम आपण पाठ करावे असे आहे. मदत व भरपाई देताना स्त्री-पुरुष, जात, समाज, वंश वा धर्म यांवरून भेद करण्यास ते मनाई करते. असे कलम का लागावे? डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत दलित कुटुंबांना छावण्यांत आणि पाण्याच्या जागी वेगळे काढल्याच्या तक्रारी पाहणी करणाऱ्यांनी नोंदविल्या होत्या. पाणी सर्वांची घरे बुडविते, पण माणसाच्या मनातील भिंत बुडवीत नाही. आपल्या पुष्कळ वस्त्या गावाच्या सखल भागी आहेत, म्हणजे पाणी आपल्याकडे आधी येते आणि मदत शेवटी.

म्हणून नोंद ठेवणाऱ्या गटास मी पथकाचा कणा समजतो. प्रत्येक घरातील माणसे, घराची स्थिती, गुरे आणि चालू औषधे यांची वही आजच तयार करा. शिधापत्रिका, जातीचा दाखला, बँकेचे पुस्तक यांच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. पूर ओसरल्यावर पंचनामा होतो आणि भरपाई त्यावर अवलंबून असते. पंचनाम्याच्या वेळी पथकाचा एक मनुष्य हजर राहू द्या, पडलेल्या घराचे छायाचित्र काढून ठेवा आणि एकही घर सुटू देऊ नका. त्याचबरोबर हेही ऐका. खोटा दावा करणे, मदतीचे धान्य वा पैसा लाटणे, खोटी आवई उठविणे हे ५२, ५३ व ५४ या कलमांखाली गुन्हे आहेत. ज्यांना हक्क मागावयाचा आहे त्यांची वही स्वच्छ असली पाहिजे.

शेवटचा प्रश्न नाजूक आहे. गावात पाणी शिरले आणि ज्या घराने आपल्या वडिलांना उंबऱ्याबाहेर उभे केले, त्या घरातून हाक आली, तर आपला दोर तेथे जावा की नाही? माझे उत्तर स्पष्ट आहे: जावा, आणि ज्याचा जीव अधिक धोक्यात त्याच्याकडे आधी जावा. जो भेद कायद्याने सरकारला वर्ज्य केला, तो आपल्या पथकात आपण कसा येऊ द्यावा? उद्या भरपाईच्या वेळी समतेची मागणी करताना आपल्या तोंडी जे शब्द असतील, त्यांना आपले आचरण साक्षी असले पाहिजे.

सभा उठण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात, एवढीच माझी विनंती आहे. वीस नावे लिहा. त्यांत निम्मी स्त्रियांची असू द्या. तहसीलदारांकडे अर्ज नेणारा मनुष्य नेमा. आणि पहिल्या तालमीचा दिवस ठरवा. पाऊस कोणासाठी थांबत नाही. एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

जय भीम.