एका छताखाली प्रार्थना, वेशीबाहेर सेवा

(वर्धापन महोत्सवाच्या व्याख्यानमालेतील एक भाषण)



मठाच्या उत्सवात एका ख्रिस्ती विद्यापीठाविषयी बोलावे, हे काहींना प्रथमदर्शनी विसंगत वाटण्याचा संभव आहे. परंतु कोणत्याही श्रद्धावान समाजापुढे एक प्रश्न उभा असतोच. माणसे एकत्र राहतात, एकत्र जेवतात, एकाच ठिकाणी नतमस्तक होतात. या एकोप्याचा लाभ वेशीबाहेरच्या माणसास होतो काय? आणि होत असेल, तर त्याच्याशी नाते जडते, की आपण नुसते दाते आणि तो नुसता याचक, एवढ्यावरच सारे थांबते? अमेरिकेतील एका कॅथॉलिक विद्यापीठाने हा प्रश्न पुष्कळ वर्षे हाताळला आहे. त्याची हकीकत मी आज आपणांपुढे ठेवणार आहे.

इंडियाना राज्यात, शिकागो शहरापासून सुमारे ९० मैलांवर, साउथ बेंड नावाचे नगर आहे. त्याच्या सीमेला लागून नोटर डेम विद्यापीठ वसले आहे. हे नाव फ्रेंच असून त्याने मरियामातेचा बोध होतो. १८४२ च्या नोव्हेंबरात एदुआर सोरॅं नावाचे २८ वर्षांचे फ्रेंच धर्मगुरू काही धर्मबंधूंसह या हिमाच्छादित जागी येऊन पोहोचले. ते होली क्रॉस संघाचे. हा संघ बाझिल मोरो यांनी १८३७ साली फ्रान्समध्ये स्थापन केला होता. १८४४ साली राज्य शासनाने विद्यापीठास सनद दिली. १८७९ च्या एप्रिलमध्ये मुख्य इमारत आगीत भस्मसात झाली, तेव्हा त्याच वर्षीच्या नव्या सत्रास नवी वास्तू उभी राहिली. अशा हट्टी श्रद्धेतून ही संस्था वाढली.

या विद्यापीठाचा प्राण कोठे आहे असे विचाराल, तर तो त्याच्या वसतिगृहांत आहे. ‘हॉल’ या नावाने ओळखली जाणारी ही वसतिगृहे ३० हून अधिक आहेत. मुलांची वेगळी आणि मुलींची वेगळी. अमेरिकेतील पुष्कळ विद्यापीठांत विद्यार्थ्यांची निवडक मंडळे असतात आणि कोणास आत घ्यावयाचे हे त्या मंडळांचे सभासद ठरवितात. नोटर डेममध्ये अशा मंडळांस स्थान नाही. पहिल्या वर्षी आलेल्या विद्यार्थ्यास हॉल नेमून दिला जातो. धनिकाचा मुलगा आणि शिष्यवृत्तीवर आलेला मुलगा शेजारशेजारच्या खोल्यांत येतात, आणि बहुतेक जण पुढील वर्षेही त्याच हॉलमध्ये काढतात. २०१८ साली प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांपासून तर सहा सत्रे हॉलमध्येच राहण्याचा नियम झाला.

प्रत्येक हॉलमध्ये एक प्रार्थनामंदिर असते आणि एक रेक्टर तेथेच वास्तव्य करतो. तो धर्मगुरू असेल, धर्मबंधू असेल, धर्मभगिनी असेल किंवा सामान्य गृहस्थही असेल. मुलांच्या मध्येच राहिल्यामुळे कोण आजारी आहे, कोण घरच्या चिंतेने खिन्न आहे, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. रविवारी रात्री या लहानशा मंदिरात मिस्सा होते. शास्त्रपाठ मुले वाचतात, गाणी मुले गातात. सर्वच विद्यार्थी कॅथॉलिक नसतात. परंतु बहुसंख्य असतात, आणि इतरांसही त्या घरात परकेपणा वाटू नये अशी अपेक्षा असते.

आता या एकोप्याची दुसरी बाजू पाहू. आरंभीच्या काळात या समाजाच्या भिंती पक्क्या होत्या, आणि त्यास कारणही होते. त्या काळच्या अमेरिकेत कॅथॉलिकांकडे, विशेषतः युरोपातून आलेल्या गरीब कुटुंबांकडे, संशयाने पाहिले जाई. १९२४ साली इंडियानात कू क्लक्स क्लॅन या द्वेषमूलक संघटनेचे मोठे प्राबल्य होते. त्या वर्षीच्या मे महिन्यात क्लॅनने साउथ बेंडमध्ये मेळावा भरविण्याचे ठरविले. विद्यार्थी खवळून नगरात उतरले, झटापट झाली, क्लॅनच्या माणसांचे झगे फाटले. दोन दिवसांनी पुन्हा चकमक उसळली, तेव्हा विद्यापीठाचे अध्यक्ष फादर मॅथ्यू वॉल्श यांनी भर गर्दीत जाऊन मुलांस समजाविले आणि परत आणिले. ज्याचा अवमान होतो तो समाज एकमेकांस घट्ट धरून राहतो, यात नवल नाही. परंतु अवमानाचे दिवस संपल्यावरही ती मूठ तशीच आवळलेली राहिली, तर रक्षणासाठी घातलेली भिंत उपेक्षेची भिंत होऊन बसते.

नोटर डेमपुढे हा प्रसंग लवकरच आला. १९५२ पासून १९८७ पर्यंत फादर थिओडोर हेस्बर्ग यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ संपत्तीने आणि कीर्तीने वाढत गेले. १९७२ साली पदवी-अभ्यासासाठी स्त्रियांनाही द्वार खुले झाले. नगराचे दैव मात्र फिरले. स्टूडबेकर हा मोटारींचा कारखाना म्हणजे साउथ बेंडचा आधारस्तंभ. १९६३ च्या डिसेंबरात तेथील उत्पादन थांबले आणि सुमारे ७,००० लोकांची रोजी बुडाली. रस्त्याच्या एका बाजूस हिरवळी, सरोवरे आणि सुवर्णघुमट; दुसऱ्या बाजूस ओस पडलेली घरे. मंदिरात गरिबांसाठी प्रार्थना करणाऱ्या विद्यार्थ्यास गरीब माणूस चालत जाण्याच्या अंतरावर होता. आता प्रार्थनेची खरी परीक्षा होती.

कॅथॉलिक परंपरेत यास तात्त्विक आधार होता. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली श्रमिकांच्या स्थितीवर परिपत्रक काढले, तेव्हापासून सामाजिक न्याय हा धर्मशिक्षणाचा भाग मानला जाऊ लागला. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सामान्य श्रद्धावंतांस जगाच्या सुखदुःखात उतरण्यास सांगितले. हेस्बर्ग स्वतः १९५७ पासून अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाचे सभासद होते, आणि १९६४ साली शिकागोच्या मैदानावर ते मार्टिन ल्यूथर किंग यांचा हात हातात घेऊन उभे राहिले. तथापि थोरांची कृती आणि हॉलमधील मुलाचा दिनक्रम यांत अंतर असते. ते अंतर तोडण्याचे काम फादर डॉन मॅक्नील यांनी अंगावर घेतले. त्यांच्या पुढाकाराने १९८३ साली सेंटर फॉर सोशल कन्सर्न्स हे सामाजिक कार्याचे केंद्र स्थापन झाले. त्याची बीजे त्यापूर्वीच्या दहा-बारा वर्षांत पेरली गेली होती.

या केंद्राची पद्धत नीट समजून घेण्याजोगी आहे. १९८० पासून चालत आलेला उन्हाळी सेवेचा कार्यक्रम घ्या. विद्यार्थी सुटीतील आठ आठवडे निवारागृहात, दवाखान्यात, निर्वासितांच्या वसाहतीत किंवा अपंगांच्या घरात जाऊन काम करतो. गावोगावच्या माजी विद्यार्थ्यांची मंडळे त्यास आधार देतात. जो मुलगा सुटीत मजुरी करून शुल्काचे पैसे जमवितो, त्यास ही सेवा परवडावी कशी? यासाठी त्यास शिष्यवृत्ती दिली जाते. अन्यथा सेवा हा संपन्नांचाच छंद झाला असता. निघण्यापूर्वी तयारी, काम चालू असता वाचन आणि टिपणे, परत आल्यावर चर्चा आणि लेखन, अशी त्याची तीन अंगे आहेत. यास अभ्यासाचे गुणही मिळतात.

येथे आपल्यापैकी कोणी म्हणेल, की गुण मिळाले तर ती निष्काम सेवा कसली? आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर असे, की गुण भांडी घासल्याबद्दल नाहीत. त्या अनुभवाचा अर्थ लावण्यासाठी जे वाचन आणि लेखन केले, त्याबद्दल आहेत. ‘हा मनुष्य उपाशी आहे’ एवढे दिसले म्हणजे दया येते. ‘तो उपाशी का आहे, आणि त्याच्या उपासमारीत माझ्या सुखाचा काही वाटा आहे काय’ असे विचारले म्हणजे विवेक येतो. विवेकाविना दया फार काळ टिकत नाही, असा त्या केंद्राचा अनुभवाधारित विश्वास दिसतो.

साउथ बेंडमध्ये १९८८ साली बेघरांसाठी निवारा-केंद्र उघडले, त्यातही विद्यापीठाचा हातभार होता. २००१ साली विद्यापीठाने शेजारच्या वस्तीत रॉबिन्सन केंद्र चालू केले. तेथे वस्तीतील मुले शाळा सुटल्यावर येतात आणि विद्यार्थी त्यांचा अभ्यास घेतात. हे केंद्र वस्तीमध्ये आहे, ही गोष्ट लहान नव्हे. पाहुण्यास आपल्या दारी बोलावणे सोपे. आपण पाहुणे होऊन दुसऱ्याच्या दारी जाणे कठीण.

हॉलमधील जीवन या सेवेशी कसे जोडले जाते, याचे एक उदाहरण सांगतो. सीगफ्रीड हॉलची मुले ऐन हिवाळ्यात, बर्फ पडलेले असता, एक संपूर्ण दिवस अर्धी विजार, पातळ सदरा आणि साध्या चपला घालून वावरतात आणि बेघरांच्या केंद्रासाठी देणग्या गोळा करतात. यात तारुण्याची हौस आहे, थोडा दिखाऊपणाही आहे, हे मान्य करावयास हरकत नाही. सायंकाळी ती मुले ऊबदार खोलीत परततात. बेघरास परतावयास खोली नसते. परंतु हे अंतर त्यांस स्वतःच्या कातडीवर कळते, हाच त्या दिवसाचा धडा आहे. एकट्या मुलास हे सुचले असते तरी धैर्य झाले नसते. शेजारचा मित्र कुडकुडत बाहेर पडतो, म्हणून हाही पडतो. सहवासाचे बळ म्हणतात ते हेच.

दुसरे उदाहरण आपल्या भरतखंडाशी निगडित आहे. होली क्रॉस संघाचे लोक १८५३ साली पूर्व बंगालात आले; ढाक्याचे आजचे नोटर डेम कॉलेज १९४९ साली त्यांनीच स्थापिले. इकडे अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या मुष्टियुद्धाच्या सामन्यांचे उत्पन्न १९३० नंतरच्या दशकापासून बंगालातील कार्यास पाठविण्याची प्रथा पडली. ‘बेंगॉल बाऊट्स’ हे नाव त्यावरूनच आले. सबळांच्या झुंजीतून दुर्बळांचे पोषण व्हावे, हा त्याचा हेतू. पुढे काही मुष्टियोद्धे स्वतः बांगलादेशास जाऊन आले. पैसा पाठविणाऱ्याने एकदा तरी तो जेथे जातो ती माती पाहावी, ही जाणीव त्यामागे होती. विद्यार्थिनींनीही मुष्टियुद्धाचा असाच उपक्रम आरंभिला असून त्याचे उत्पन्न पूर्व आफ्रिकेतील कार्यास जाते.

शेवटी एका दीर्घ व्रताचा उल्लेख करतो. १९९३ साली विद्यापीठाने अलायन्स फॉर कॅथॉलिक एज्युकेशन ही योजना आरंभिली. पदवी घेतलेले तरुण-तरुणी दोन वर्षे गरीब वस्त्यांतील कॅथॉलिक शाळांत शिकवितात आणि उन्हाळ्यात विद्यापीठात येऊन अध्यापनशास्त्राचा अभ्यास करतात. चार-सहा जणांनी एका घरात राहावयाचे, एकत्र स्वयंपाक करावयाचा, एकत्र प्रार्थना करावयाची, ही या योजनेची मुख्य अट होय. दिवसभर वर्गात थकलेल्या, कधी अपयशाने खचलेल्या नवशिक्या शिक्षकास सायंकाळी घरी कोणी तरी वाट पाहणारे असते. हॉलमधील एकोपा वेशीच्या आत राहिला नाही. तो लहान होऊन, शिदोरीसारखा, बरोबर गेला.

या सर्व हकीकतीवरून मला जे दिसते ते थोडक्यात सांगतो. सेवेस दोन प्रकारचा सहवास लागतो. पहिला, सेवा करणाऱ्यांचा आपसातील. त्याविना उत्साह चार दिवसांत मावळतो. दुसरा, ज्याची सेवा करावयाची त्याच्याशी. त्याविना अहंकार वाढतो. पहिला सहवास श्रद्धावान समाजांस परंपरेनेच लाभतो. दुसरा मात्र कष्टाने मिळवावा लागतो, कारण त्यासाठी वेस ओलांडावी लागते, दुसऱ्याच्या घरी खाली बसावे लागते, आणि त्याचे म्हणणे आपले सांगणे थांबवून ऐकावे लागते.

नोटर डेममध्ये सर्व साधले आहे असे नाही. संपन्न विद्यापीठ आणि काटकसरीत जगणारे नगर यांतील दरी आजही पुरती बुजलेली नाही. चार वर्षे सेवा करून पुढे केवळ द्रव्यार्जनात रमणारे पदवीधरही असतातच. परंतु प्रश्न जिवंत ठेवण्याची व्यवस्था तेथे आहे, आणि दरवर्षी येणाऱ्या नव्या मुलांस तो नव्याने विचारला जातो.

भक्तजनहो, उत्सवात पंगत वाढणारे हात आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि ते प्रेमाने वाढतात. त्या हातांस मी एवढीच विनंती करीन. पंगत उठल्यावर घटकाभर एकत्र बसावे. आज जेवून गेलेल्यांपैकी कोणाचे नाव आपणांस ठाऊक आहे, कोणाच्या घरी आपण गेलो आहोत, हे एकमेकांस विचारावे. उत्तर अवघड आले तरी खिन्न होऊ नये. पुढच्या उत्सवापर्यंत एक वर्ष आहे, आणि घरे फार दूर नाहीत.